अठ्ठेचाळीस स्वच्छ काचा

१

सहावं वासरू सकाळी सातच्या सुमारास गेलं. गोठेवाल्याने हाताने त्याचे डोळे मिटवून पाहिले. गुरांचे डोळे असे मिटत नाहीत, हे चाळीस वर्षं गोठ्यात काढलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हाताला दुसरं काही काम उरलं नव्हतं. आदल्या चार दिवसांत पाच गेली होती, आणि त्याच्याही आधी दोन. गोठ्यातल्या आठ दावणी रिकाम्या झाल्या.

दुपारी त्याच्या हातात निलंबनाचा कागद पडला. संध्याकाळी त्याची बायको थोरल्या जावेच्या दारात उभी राहिली.

“ताई, हे जेवत नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसलेत. म्हणतात, माझ्यामुळे मेली असं लिहिलंय.”

थोरली जाऊ म्हणजे काचताई. खरं नाव पगारपत्रकात होतं, तेवढंच. गुरांच्या आजारांवर काम करणाऱ्या त्या संस्थेत चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. काचेच्या पट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि त्यात गोचीडतापाचा परजीवी आहे की नाही ते सांगायचं. संस्थेत त्या पट्टीला सगळे काचच म्हणत. गोचीड चावते, तिच्या लाळेतून परजीवी गुराच्या अंगात उतरतो, कानाखालची गाठ सुजते, ताप चढतो, आणि पंधरा-वीस दिवसांत धडधाकट जनावर दावणीला आडवं होतं. त्यावरच्या लशीसाठी संस्था जन्माला आली होती. लस म्हणजे तोच परजीवी, जिवंत, फक्त बाटलीत पिढ्यानपिढ्या वाढवून मवाळ केलेला. काचताईंचे केस त्या लशीच्या मागे पांढरे झाले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी कोणी “लस आली का हो?” असं विचारलं की त्या “आमची लस” म्हणूनच उत्तर देत.

आता शेवटची चाचणी होती. आठ वासरं. सहांना लस टोचलेली, दोन तशीच. मग प्रत्येकाच्या कानावर कापडी पिशवी चिकटवून आत रोगट गोचिडी सोडायच्या, मोजून दहा. लस न दिलेली दोन मरणार हे सगळ्यांना माहीत होतं. सहा जगायला हवी होती.

“भाऊजींनी किती लावल्या?” काचताईंनी विचारलं.

“दहा म्हणतात. मुख्यबाई म्हणतात, गोचिडींची अख्खी बाटली ओतली.”

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे संस्थेच्या प्रमुख, मुख्यबाईच होत्या.

“ताई, उद्या याल का? तुमच्या डोळ्यांची गरज आहे. आणि तुमचे दीर आहेत, म्हणून तर तुम्हीच हव्यात.”

२

काच-खोली तशीच होती. उत्तरेची खिडकी, रंगाने जांभळी झालेली मोरी, आणि ते विशिष्ट उंचीचं स्टूल, ज्याचा एक पाय काचताईंनी स्वतः घासून बारीक करवून घेतला होता. खुर्चीवर आता मुख्यबाई होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी हीच मुलगी या खोलीत थरथरत्या हाताने काच पसरायला शिकली. काचताई तिला चिमणी म्हणत. आता खोलीत दोघीच होत्या, तरी तो शब्द तोंडात आला नाही.

“सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत,” मुख्यबाई म्हणाल्या. “सहा वासरं, रोज एक काच. अठ्ठेचाळीस. सगळ्या स्वच्छ. चौदाव्या दिवशी स्वच्छ आणि सोळाव्या दिवशी मेलेलं वासरू, असं तुम्ही कधी पाहिलंय?”

“नाही.”

“नेहमीच्या दहा गोचिडींनी परजीवी दहाव्या-अकराव्या दिवशी काचेत दिसतो. मग हळूहळू वाढतो. एकदम झडप घातल्यासारखा मारतो तो फक्त डोस बेसुमार असला तर. लस बिचारी काय करणार?”

“भाऊजी म्हणतात, नवव्या दिवशी ताप आला. तक्त्यात लिहिलाय.”

“तक्ता त्यांनीच लिहिलाय, ताई.” आवाज मऊ होता. “मी त्यांना वाईट माणूस म्हणत नाही. चूक झाली असेल, मग घाबरून ताप लिहिला असेल. समिती परवा येतेय. दुसऱ्या वाचकाची सही हवी. तुम्ही स्वच्छ म्हणालात की कोणी बोट दाखवणार नाही.”

काचताई स्टुलावर बसल्या. पाठीने कुरकुर केली, डोळ्यांनी नाही. पहिली काच सरकवली आणि नऊ वर्षं गळून पडली.

काय सुरेख काचा होत्या! रक्ताचा पापुद्रा मधोमध, दोन्ही बाजूंना बोटाच्या नखाएवढी कोरी कड, शेवट जिभेसारखा गोल. ‘अजून कोणी असं पसरतं तर,’ त्यांच्या मनात आलं आणि बरं वाटलं. लाल पेशी एकेकट्या, पाण्यावर टाकलेल्या नाण्यांसारख्या. मध्येच पांढऱ्या पेशी, आणि त्यांत ती त्यांची लाडकी, केशरी दाण्यांनी ठासून भरलेली, डाळिंब फोडून ठेवल्यासारखी. एकेका काचेत अशा सहा-सात. एक मिळाली की पूर्वी त्या शिकाऊ मुलींना हाक मारून दाखवत असत. आज एकट्याच बघत राहिल्या.

परजीवी मात्र कुठेच नव्हता. लाल पेशीत अंगठीसारखा ठिपका नाही, पांढऱ्या पेशीत निळा गोळा नाही. सत्तेचाळीसावी झाली, अठ्ठेचाळीसावी झाली. बाहेर ऊन कलंडलं.

“स्वच्छ आहेत,” त्या म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

मुख्यबाईंनी कागद पुढे केला.

“उद्या करते. डोळे दुखतायत.”

डोळे दुखत नव्हते. दुखत होतं ते दुसरंच.

३

भाऊजी खरंच भिंतीकडे तोंड करून बसले होते. काचताईंनी समोर ताट ठेवलं.

“वहिनी, काचा बघितल्यात?”

“बघितल्या.”

“काय दिसलं?”

काचताईंना खोटं बोलता येत नसे. संस्थेत त्यावरून त्यांची टिंगल होई. लग्नात नवरीचं रूप विचारलं तरी या काच वाचल्यासारखं सांगतील, असं म्हणायचे.

“काही नाही दिसलं, भाऊजी.”

त्यांनी चिमटा धरल्यासारखी दोन बोटं जुळवली.

“चिमट्याने उचलून लावल्या. एकेक. मोठ्याने मोजत. दहा झाल्या की पिशवीचं तोंड बांधायचं. उरलेल्या गोचिडी बाटलीसकट परत दिल्या.”

“कोणाकडे?”

“मुख्यबाईंकडे. त्यांनी उकळत्या पाण्यात टाकायला सांगितल्या. टाकल्या.”

“म्हणजे मोजायला काही उरलं नाही.”

“नाही. आणि नवव्या दिवशी ताप होता. तीन नंबरच्या वासराने दूध सोडलं होतं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून उभं राहायचं ते.” त्यांनी मान वर केली. “वहिनी, खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं, किती लावल्या मी?”

त्या क्षणी ‘दहा’ म्हणायला हवं होतं. काचताईंना ते कळत होतं. पण अठ्ठेचाळीस काचा डोळ्यांसमोरून जाईनात, आणि त्या गप्प राहिल्या. फार नाही, दोन श्वासांपुरत्या.

भाऊजींनी ताट बाजूला सारलं. “कळलं,” ते म्हणाले.

४

दुसऱ्या दिवशी काचताई मुख्य दरवाजाने न जाता मागच्या आवारातून शिरल्या. समिती उद्यावर आली होती. सहीसाठी संध्याकाळपर्यंतचा वेळ.

आधी गाठ पडली बर्फवाल्याशी. उणे दोनशेच्या आसपास थंड द्रवाची पिंपं सांभाळणारा हा माणूस; लशीच्या नळ्या त्याच्याकडे. स्वभावही तसाच, हात लावला की चटका.

“आलात का दिराची वकिली करायला?”

“तुझी करायला आले असं समज. पिंप कोरडं पडून लस मेली असेल तर दोष तुझा.”

“वा! एक बोट द्रव कमी झाला तर मी घरी जेवत नाही.” त्याने मोजायची काठी आपटली. “नळी बाहेर काढून मुख्यबाईंनी स्वतः तपासली. बाटलीत टाकली की दुसऱ्या दिवशी तरारून वाढायची. लस जिवंत होती. मेलेली सगळी तुमच्या दिराच्या गोठ्यात होती, माझ्या पिंपात नाही.”

तो उर्मट होता, पण खोटा नव्हता. मेलेल्या लशीवर खापर फोडणं मुख्यबाईंना सोपं गेलं असतं. तसं कोणी केलं नव्हतं.

मग सुईवाला. वासरांच्या मानेतून रक्त काढणं, काच पसरणं आणि रंगवणं हे त्याचं काम. पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, दर सहा महिन्यांनी नेमणूक वाढवून घेणारा. तो एका म्हाताऱ्या गाईच्या पुठ्ठ्याला पाठ टेकून बिडी ओढत होता. काचताईंना पाहून त्याने बिडी पाठीमागे लपवली.

“लपवू नकोस, धूर कानातून येतोय. ही आजीच ना? अजून आहे?”

“आजी सगळ्यांना पोचवून जाणार, ताई. चौदा वर्षांची झाली.”

आजी ही संस्थेची घरची गाय. दुहेरी जाळीच्या गोठ्यात, जन्मात एक गोचीड न चावलेली. रोज रंग नीट चढतोय की नाही हे पाहायला तिच्या निरोगी रक्ताची एक जास्तीची काच लावत. ती पद्धत काचताईंच्याही आधीची.

“त्या सहांच्या काचा तूच केल्यास?”

“केल्या, रंगवल्या, डब्यात ठेवल्या. वाचायला आम्हाला बंदी. कोणतं वासरू लशीचं, कोणतं नाही, हेही सांगत नाहीत.”

“वासरं कशी वाटत होती?”

सुईवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. “कान तापलेले असायचे. पण मी बोलायचं कोणाला? पुढच्या महिन्यात माझा कागद मुख्यबाईंच्याच टेबलावर.”

“पण काचा काय सुंदर काढल्यास रे. दोन्हीकडे कोरी कड. कोणी शिकवलं? हल्ली पसरायच्या काचेचे कोपरे तोडून घेतं कोण?”

“कोपरे?” तो गोंधळला. खिशातून त्याने प्लास्टिकची एक चपटी पट्टी काढली. “तीन वर्षं झाली, हेच वापरतो. एका झटक्यात या कडेपासून त्या कडेपर्यंत. कड-बिड काही उरत नाही. मुख्यबाई ओरडतात, पण तुमची जुनी रीत आता त्या सोडून कोणाला येतच नाही.”

काचताई आजीच्या पाण्याच्या बादलीच्या काठावर हात टेकत हळूच खाली बसल्या. आजीने मान वळवून त्यांच्या खांद्याला नाक लावलं. चौदा वर्षांचं ते म्हातारं, निरोगी जनावर त्यांनी नीट न्याहाळलं, आणि डाळिंबाच्या दाण्यांचा अर्थ लागला.

५

“सही आणलीत?” मुख्यबाईंनी विचारलं.

काचताईंनी दार लावून घेतलं. “सांगते. बस तू. शिकवताना मी बोलायचे आणि तू मध्ये बोलायची नाहीस, तसं.”

मुख्यबाई बसल्या.

“केशरी दाण्यांच्या पेशी गुराच्या रक्तात वयाबरोबर वाढतात. तीन महिन्यांच्या वासरात शोधून एखादी सापडली तर सापडते. तुझ्या प्रत्येक काचेत सहा-सात. एका वासरात असत्या तर जंतांमुळे वाढल्या म्हटलं असतं. सहाही वासरांत, आठही दिवस, तेवढ्याच? ते वासराचं रक्त नाही. म्हाताऱ्या गाईचं आहे. एकाच गाईचं.”

मुख्यबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

“आधी मला वाटलं, सुईवाल्याने आळस केला, रंग पाहायच्या काचा डब्यात भरल्या. पण त्याच्या काचा कडेपर्यंत भरलेल्या असतात. या अरुंद आहेत. कोपरे तोडलेल्या काचेने ओढलेल्या. या आवारात तसं ओढणारी दोन माणसं. एक मी. मी नऊ वर्षं इथे आले नव्हते.”

“आजीच का, असं नाही विचारलंत?” मुख्यबाई अजून बाहेरच बघत होत्या.

“दुसरं कोण उरलं होतं? आठही मेल्यावर तुला निरोगी रक्त हवं होतं. आवारात श्वास घेणारं तेवढं एकच जनावर. म्हणजे हे तू वासरं मेल्यावर केलंस. आणि खऱ्या काचांत दहाव्या दिवशी परजीवी दिसला असणार, नेहमीसारखा. डोस दहाचाच. माणूस खरा. लस फसली.”

मुख्यबाईंनी पुढ्यातला सहीचा कागद उलटा करून ठेवला.

“खऱ्या काचा मी फोडल्या,” मुख्यबाई म्हणाल्या. “दहाव्या दिवशी पहिला ठिपका दिसला तेव्हा वाटलं, उतरेल. लस आहे अंगात. औषध दिलं असतं तर वाचली असती, पण मग चाचणी बाद. थांबले. रोज वाटायचं, उद्या उतरेल.”

“का नाही उतरला?”

“आठवतंय, तुम्ही म्हणायचात की लशीने वासराला साधी कणकणही येता कामा नये? दर अहवालात तुमची ओळ असायची. लस सुरू करणारे मोठे डॉक्टर गेल्यावर मी परजीवी आणखी दीडशे पिढ्या मवाळ केला. इतका मवाळ झाला की अंगाला लागलाच नाही. बाटलीत वाढतो, वासरात नाही.” पहिल्यांदाच त्यांनी काचताईंकडे पाहिलं. “जुन्या पिढीच्या पाच नळ्या उरल्यात. फक्त पाच. एक वर्ष मिळालं तर त्यांतून परत उभी करता येईल. पण लस फसली असं कागदावर आलं की योजना बंद, आणि योजना बंद म्हणजे जिवंत परजीवी ठेवायचा परवाना रद्द. त्या पाचही जातील. ताई, चूक गोठेवाल्याची ठरली तर लस वाचते. त्यांना दोन वर्षांनी निवृत्तच व्हायचंय. मी त्यांना शिक्षा होऊ देणार नाही, नुसता ठपका. एक ठपका.”

“त्यांनी मोठ्याने मोजून लावल्या होत्या.”

“माहितीये मला. मी दारात उभी होते. ऐकत होते.”

 काचताई चिडल्या नाहीत. चिडायला आतून जे बळ लागतं, ते कुठेतरी सांडून गेलं होतं. पाच नळ्या. चौतीस वर्षं, मोठ्या डॉक्टरांचं आयुष्य, त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याच्या आजारपणातही न चुकवलेल्या सकाळच्या काचा, हे सगळं बोटभर लांबीच्या पाच नळ्यांत. आणि दुसऱ्या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसलेला एक माणूस, ज्याला त्यांनी दोन श्वासांपुरतं खोटं मानलं होतं.

“समिती सकाळी दहाला,” मुख्यबाई म्हणाल्या. “तुम्ही काय बोलाल?”

“काचेत जे दिसलं ते,” काचताई म्हणाल्या, आणि उठल्या.

६

समितीचे अध्यक्ष शांत माणूस होते. त्यांनी आजीचं रक्त समोर काढायला लावलं, काच काचेशेजारी ठेवली, पेशी मोजल्या. तासाभरात सगळं मिटलं. मुख्यबाईंनी काही नाकारलं नाही. भाऊजींचं निलंबन रद्द झाल्याचा कागद आला. योजना बंद झाल्याचा कागद त्याच दिवशी, त्याच शिपायाच्या हातून आला. बर्फवाल्याने काचताईंना रस्त्यात पाहिलं की दुसरी बाजू धरली. सुईवाल्याची नेमणूक वाढली नाही. वाढवायला टेबलामागे कोणी नव्हतं. चाळीस घरांची चूल त्या आवारावर पेटत होती, आणि एकाही घरातून “बरं केलंत” असा निरोप आला नाही.

महिन्याभराने नळ्या नष्ट करायचा दिवस ठरला. नियमाने एक साक्षीदार लागतो, संस्थेबाहेरचा आणि कामाची माहिती असलेला. अध्यक्षांनी काचताईंचं नाव लिहिलं.

मागच्या आवारात चुलीवर उकळत्या पाण्याचा हंडा होता. मुख्यबाईंना तेवढ्या एका कामासाठी बोलावलं होतं, कारण कुठल्या पट्टीला कुठल्या नळ्या अडकवल्यात हे त्यांनाच ठाऊक. जाड हातमोजे घालून त्या एकेक पट्टी थंड पिंपातून उपसत. पांढरी वाफ त्यांच्या पायांवरून जमिनीवर पसरे. नळी पाण्यात पडली की एक बारीक चर्र होई. काचताई आकडा लिहीत होत्या. भाऊजी जाळाला लाकडं सारत होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण ते आवार त्यांचं होतं, आणि जाळ कोणी नीट लावला नसता.

चारशे सात झाल्या. मग मुख्यबाईंनी शेवटची पट्टी काढली.

“या पाच,” त्या म्हणाल्या.

लाकूड सारणारा भाऊजींचा हात थांबला. त्यांना या पाच नळ्यांचं काय ते कोणी सांगितलं नव्हतं. दोघींच्या चेहऱ्यांवरून त्यांना काय कळायचं ते कळलं.

“वहिनी, या ठेवता नाही का येणार?”

“नाही, भाऊजी.”

“माझ्यामुळे?”

“तुमच्यामुळे काहीच नाही.” हे मात्र काचताईंनी एका श्वासात सांगितलं.

मुख्यबाईंनी पाचही एकदम सोडल्या. चर्र असा आवाज जरा मोठा झाला, एवढंच. हातमोजे काढून त्यांनी कडेला नीट एकावर एक ठेवले.

“उन्हाळ्यात गोठेच्या गोठे आडवे होतील, ताई,” त्या म्हणाल्या. “ते मोजायलाही कोणीतरी तुम्हालाच बोलावेल.”

काचताईंनी चारशे बारा लिहून कागद त्यांच्या हातात दिला.  मुख्यबाई म्हणाल्या ते खरं होतं.

“चला, वहिनी,” भाऊजी म्हणाले. ते पुढे निघाले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांची मान सरळ होती, फाटकाशी उभ्या असलेल्या दोघा-चौघांकडे ते थेट बघत चालले होते. काचताई त्यांच्या चार पावलं मागे राहिल्या, मुद्दामच. भाऊजींनी वळून पाहिलं असतं तर त्या पाच नळ्यांसाठी उतरलेला हा चेहरा त्यांना दिसला असता.